नेदाबद्दलच्या तक्रारी

नेदा अमेरिकन होती. म्हणजे कागदोपत्री. शिकागोच्या एका हॉस्पिटलात जन्मली आणि आठव्या महिन्यात आईच्या मांडीवर झोपून बल्गेरियात परत आली. त्या आठ महिन्यांत तिने अमेरिका जी काय पाहिली ती पाळण्यातून, आणि पाळण्यातून छताशिवाय दुसरं काय दिसणार? तरी त्या देशाने तिला आपली मानलं. तिचा बाप प्लामेन तिथे तीन वर्षं ट्रक चालवत होता, आई रुम्याना फार्मसीची पदवी बॅगेत तळाशी ठेवून लोकांची बाथरूमं घासत होती. त्यांना मात्र त्या देशाने ‘बरं, या आता’ एवढंच म्हटलं.

ते आले. याम्बोलमध्ये रुम्याना औषधांच्या दुकानात उभी राहिली, प्लामेनने टायरचं दुकान टाकलं. दर पाच वर्षांनी तिघंही सोफियाला जाऊन वकिलातीत रांग लावायची आणि नेदाचा निळा पासपोर्ट नवा करून आणायची. शेजारी विचारायचे, कशाला एवढी यातायात? रुम्याना म्हणायची, असू दे, खायला मागतोय का?

पोर हुशार निघाली. हे मी म्हणतोय, रुम्याना नाही. रुम्यानाच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकलेला नाही. आमच्याकडे आपल्या मुलाचं कौतुक करत नाहीत, आणि दुसऱ्याने केलं तर तीनदा थुंकून ‘कोंबड्या हगोत हिच्यावर’ म्हणायचं असतं, म्हणजे दृष्ट लागत नाही. मूल जितकं गोड तितकं त्याला जास्त घाणेरडं म्हणायचं. सगळेच म्हणतात, पण मूल शाळेत जायला लागलं की सोडून देतात. रुम्यानाने सोडलं नाही. नेदा चार वर्षांची असताना दुकानातल्या एका बाईने तिच्या कुरळ्या केसांचं तोंड भरून कौतुक केलं, रुम्याना थुंकायची विसरली, उलट ‘हो ना, आहेच माझी लेक देखणी’ म्हणाली, आणि आठव्या दिवशी पोर न्यूमोनियाने ऑक्सिजनवर होती. न्यूमोनिया जंतूंनी होतो हे रुम्यानाला माहीत होतं. जंतूचं लॅटिन नावही माहीत होतं. पण हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून अकरा दिवस काढले की लॅटिन फारसं कामाला येत नाही. तिथे तिने स्वतःशी ठरवलं, पुन्हा म्हणून या पोरीबद्दल तोंडातून चांगला शब्द काढायचा नाही. आणि रुम्यानाने ठरवलं म्हणजे ठरवलं.

तर अशा घरावर अमेरिकेची विद्यापीठं येऊन आदळली.

नेदाला नद्यांच्या पाण्याचा अभ्यास करायचा होता. गेली तीन वर्षं दर रविवारी ती तुंजा नदीवर जायची, आईच्या दुकानातल्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून आणायची, तपासायची, वहीत लिहायची. जगात हे शिकायला तिच्या मते एकच जागा होती, आणि त्या जागेत शंभरातल्या चौघांना घेतात. घरात कुणालाच त्यातलं काही कळत नसल्यामुळे सोफियाहून वेस्कोला धरलं. हा वेस्को सव्वीस वर्षांचा, चार वर्षं अमेरिकेत शिकून परतलेला, आणि आता इतरांच्या पोरांना तिकडे पाठवणं हाच त्याचा धंदा. स्वतः का परतला ते कधी सांगत नसे. संगणकाच्या पडद्यावर तो दिसायचा, आणि बोलायला लागला की समोरच्याला आपण रोगी असल्यासारखं वाटायचं.

“मॅडम, नेदाची केस मजेशीर आहे,” तो म्हणाला. “पासपोर्टमुळे ती घरची. परदेशी मुलांची रांग वेगळी असते, तिथे फी झेपत नाही म्हटलं की पुष्कळ ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. हिला तसं नाही. हिच्या फीचं ते बघतील.”

“मग झालं की,” प्लामेन म्हणाला.

“झालं कसलं? फाइल वाचणारा माणूस तोच, जो आपल्या सगळ्या बाल्कनचा गठ्ठा वाचतो. कागदावर घरची, वाचताना बाहेरची. तिकडच्या पोरांनी वीस प्रकारचे ज्यादा वर्ग केलेले असतात. याम्बोलला कुठले? मग फाइलमध्ये काय घालायचं? घरात काही दुःख आहे का?”

“कसलं दुःख?”

“निबंधासाठी. घटस्फोट, दारू, पूर, कुणी पळून गेलेलं. काहीही चालेल.”

प्लामेनने मनापासून विचार केला. “हिवाळा तोंडावर आला की सगळे एकाच दिवशी बर्फाचे टायर चढवायला येतात. ते दुःखच आहे.”

“आमच्या घरात असलं काही नाही,” रुम्याना ताडकन म्हणाली.

“हीच तर अडचण आहे, मॅडम,” वेस्को म्हणाला, आणि खरोखरच हळहळला.

शेवटी निबंध नेदाने नदीवरच लिहिला, वेस्कोने त्यात कुणाला तरी बुडवावं म्हणून खूप गळ घातली तरी. परीक्षा सोफियाला जाऊन दिली, गुण उत्तम आले. राहिली पत्रं. आणि पत्रांपाशी गाडं अडलं.

तिकडच्या शाळांत म्हणे मुलांना सल्ला द्यायला एक खास माणूस असतो, तो प्रत्येकाबद्दल लांबलचक पत्र लिहितो. नेदाच्या शाळेत एक मानसशास्त्रज्ञ होत्या, त्या फक्त मंगळवारी यायच्या आणि काचा फोडणाऱ्या पोरांशी बोलायच्या. तेव्हा पत्राचं काम वर्गशिक्षिका काराजोवा बाईंच्या गळ्यात पडलं. बाई रसायनशास्त्र शिकवायच्या, एकतीस वर्षं. सहापैकी सहा गुण त्यांनी आजवर जितक्यांना दिले होते ते सगळे एका मोटारीत मावले असते. त्यांनी नेदासाठी पत्र लिहिलं, त्यावर शाळेचा गोल शिक्का मारला, मग अधिकृत भाषांतरकाराकडून इंग्रजी करून त्याचाही गोल शिक्का घेतला. पत्र असं होतं: ‘नेदा प्लामेनोवा तोशेवा वर्गात नियमित येते. तिच्याविरुद्ध तक्रार नाही. रसायनशास्त्रात सहा.’

बाईंनी एवढी स्तुती उभ्या आयुष्यात कुणाची केली नव्हती. लिहून झाल्यावर त्यांना थोडं अवघडल्यासारखंही झालं होतं.

वेस्कोने पत्र वाचून कपाळाला हात लावला. “हे पत्र आहे की रजेचा अर्ज? तिकडचे मास्तर लिहितात की हे पोर जग बदलणार आहे.”

निरोप शाळेत पोचला. काराजोवा बाई म्हणाल्या, “जग बदलणं माझ्या अभ्यासक्रमात नाही.”

यावर तोडगा म्हणून वेस्कोने एक कागद पाठवला. तिकडे पालक तो भरून शाळेत देतात म्हणे, आणि त्यावरून शाळा पत्र लिहिते. म्हणजे आईबापांनी आपल्या लेकराचं कौतुक करायचं, आणि तेही लेखी. मुलीच्या कोणत्या गोष्टीचा तुम्हाला सर्वांत जास्त अभिमान वाटतो? तिचं तीन शब्दांत वर्णन करा. तिने तुम्हाला थक्क केलं असा एक प्रसंग सांगा. मुदत एक आठवडा.

रुम्याना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो कागद घेऊन बसली. ज्वालाग्राही वस्तूजवळ बसतात तशी, जरा लांबून. प्लामेन शेजारी बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या खारीचा, तुकडा खात होता.

“लिही की,” तो म्हणाला. “हुशार आहे म्हणून लिही.”

“गप्प बस.” ती तीनदा थुंकली. “अरे, शत्रू आहेस का तिचा?”

“कागदावर लिहिल्याने काय होतं?”

“तोंडाने बोललेलं हवेत विरून जातं. हे तर तिथे कपाटात राहणार. कोण कोण वाचणार, कुठल्या डोळ्यांनी वाचणार, तुला माहीत आहे?”

“अगं, तू फार्मासिस्ट आहेस.”

“तेव्हा हॉस्पिटलातही मी फार्मासिस्टच होते,” रुम्याना म्हणाली. यावर प्लामेनने उरलेला तुकडा तोंडात टाकला.

तासाभराने कागद भरून झाला. अभिमान: सांगण्यासारखं अजून काही नाही. तीन शब्द: हट्टी, पसारेवाली, हडकुळी. थक्क केल्याचा प्रसंग: नदीचा गाळ फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवला तेव्हा.

रुम्यानाला हे बरं जमलंय असं वाटत होतं. ती पाणी प्यायला उठली आणि तेवढ्यात नेदा आत आली. तिने कागद उचलला, वाचला, पुन्हा वाचला.

“हे शाळेत देणार आहेस?”

“विचारलंय त्यांनी, लिहिलं.”

“आई, यावर माझं जाणं अवलंबून आहे. मस्करी नाहीये ही.”

“मी कुठे मस्करी करतेय?”

“तेच तर.” नेदाने कागद खाली ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता, तोच जास्त बोचत होता. “सगळ्यांच्या आया तसं बोलतात, मला माहीत आहे. पण त्या घरी आल्यावर जवळ घेऊन एकदा तरी सांगतात. विक्टोरियाची आई सांगते. तू सतरा वर्षांत एकदाही नाही. मी लहानपणापासून स्वतःची समजूत घालत आलेय की आईला भीती वाटते. आता वाटतं, भीतीबिती काही नाही. तुला मी खरंच अशी वाटते. हट्टी, पसारेवाली, हडकुळी. बरोबर तीन झाले, एकही कमी नाही.”

रुम्यानाच्या जिभेवर साठलेलं कौतुक आलं. बोलायला तोंड उघडलं की तेच बाहेर पडेल असं तिला वाटलं, आणि समोर पोरगी धडधाकट उभी होती, महिन्याभरावर अर्ज जायचा होता. सगळं इतकं काठावर असताना कोण धोका पत्करेल?

“जेवून घे,” ती म्हणाली. “निवतंय.”

नेदा जेवली नाही. पुढचे चार दिवस ती आईशी फक्त मीठ आणि किल्ल्या एवढ्याच विषयांवर बोलली.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत रुम्याना तो कागद घेऊन शाळेत गेली. काराजोवा बाई प्रयोगशाळेत एकट्याच बसून कॉफी पीत होत्या. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

“कुणीतरी शहाणं माणूस आहे म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “पालकसभेत बाकीच्यांचं बोलणं ऐकलंत? एकेकाने देवदूत जन्माला घातलाय. त्यातल्या दोघांना अजून मिठाचं सूत्र येत नाही.”

“पण बाई, एवढ्यावर पत्र होईल?”

“नाही होणार. तो सोफियाचा पोरगा तीन पानं मागतोय. मला कौतुक लिहिता येत नाही, तुम्हाला सांगता येत नाही. आता काय करायचं?”

बाईंनी कॉफीचा घोट घेतला. मग बोलायचं म्हणून रुम्यानाच म्हणाली, “हडकुळी का झालीय विचारा. रविवारी सकाळी न खाता नदीवर जाते. जानेवारीत बर्फ फोडून पाणी काढलं हिने. बोटं निळी पडली होती. मी इतकी ओरडले.”

“ओरडायलाच हवं,” बाई म्हणाल्या. “मलाही काही कमी छळलेलं नाही तिने. माझ्या उत्तरसूचीत दोनदा चूक काढली. भर वर्गात. आणि दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं, ते आणखी वाईट.”

“घरीही तेच. एकदा पाणी खात्याचा छापील अहवाल घेऊन बसली, म्हणे यातले आकडे खोटे आहेत.”

“माहीत आहे मला. त्यांच्या साहेबाचा फोन मला आला होता. तुमच्या मुलीला आवरा म्हणाला. मी म्हटलं, आधी तुमचे आकडे आवरा.” बाईंनी कॉफीचा कप बाजूला सारला. “वर ती कबूल करत नाही की आपण काही विशेष केलं. वर्गातल्या त्या मेतोदीला, ज्याला काही म्हणजे काही येत नाही, त्याला वर्षभर प्रयोगवही लिहायला शिकवलं हिने. माझी परवानगी न घेता. मला तो नापास करायचा होता. पास झाला.”

“पसारा तर विचारू नका,” रुम्याना म्हणाली. तिला आता थांबता येत नव्हतं. “दीडशे बाटल्या आहेत घरात. प्रत्येकीवर तारीख, वेळ, हवामान. एक बाटली मी चुकून ओतली तर दोन दिवस रडली, आणि मग वहीत लिहून ठेवलं की या आठवड्याचा नमुना नष्ट झाला. आईने ओतला असं लिहिलं नाही. नुसतं नष्ट झाला.”

काराजोवा बाईंनी पेन उघडलं.

“पहिल्यापासून सांगा,” त्या म्हणाल्या. “एकही तक्रार गाळू नका.”

घंटा झाली, सुट्टी संपली, पुढच्या तासाची मुलं दारात येऊन उभी राहिली. बाईंनी त्यांना वाचन करायला पिटाळलं. एकतीस वर्षांत त्यांनी बुडवलेला हा पहिला तास. एकीने सांगायचं, दुसरीने भर घालायची, आणि दोघींपैकी कुणालाही एक चांगला शब्द उच्चारायची वेळ आली नाही. पत्र साडेतीन पानांचं झालं. शेवटी बाईंनी आपल्या स्वभावाप्रमाणे लिहिलं: ‘या मुलीने मला आणि तिच्या आईला भरपूर त्रास दिला आहे. तो आता आपणही सोसावा.’

आणि दोन गोल शिक्के.

“एक लक्षात ठेवा,” बाईंनी निघताना बजावलं. “मुलीने अर्जात सही केलीय की पत्रं ती कधीही पाहायला मागणार नाही. तिने न पाहिलेल्या पत्रावरच त्या लोकांचा विश्वास बसतो. तेव्हा तिच्यापाशी यातलं एक अक्षर बोलायचं नाही. आज नाही, नंतरही नाही. मी माझ्या नावाने सही केलीय.”

“मी कशाला बोलतेय?” रुम्याना म्हणाली. न बोलण्याच्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतंच.

वेस्कोने पत्र वाचलं आणि बराच वेळ त्याचा पडदा बंद होता. मग म्हणाला, “मॅडम, हे कुणी लिहून दिलं? मला त्या बाईंचा नंबर मिळेल का? माझी अजून अकरा पोरं आहेत.” नंबर मिळाला नाही.

निकाल मार्चअखेर लागला. त्यांची संध्याकाळ म्हणजे आमची मध्यरात्र, तर नेदा सरळ झोपून गेली आणि सकाळी दही खाता खाता तिने पाहिलं. घेतलं होतं. फीमाफीसकट. प्लामेन टायरच्या दुकानातून धावत आला आणि काळ्या हातांनी दोघींना मिठी मारली. इमारतीतल्या बायका केक घेऊन आल्या. प्रत्येकीला रुम्यानाने सांगितलं की चुकून झालं असेल, तिकडे हल्ली कुणालाही घेतात. नेदा हे ऐकत ताटल्या मांडत होती.

ऑगस्टमध्ये सोफियाच्या विमानतळावर बॅगांचं वजन झालं, कागद दाखवून झाले, आणि नेदा वळून आईसमोर उभी राहिली. हे तिने घरूनच ठरवून आणलं होतं, ते दिसत होतं.

“आई, मला राग नाही आता. खरंच नाही. फक्त एक सांगायचं होतं.” तिने बॅगेचा पट्टा सारखा केला. “तुझ्या एका शब्दाशिवाय मी इथवर आले. काराजोवा बाईंनी लिहिलं असणार काहीतरी, देव त्यांचं भलं करो. पण तू नाही. हे मला एकटीला जमलं. तुला कळावं म्हणून सांगितलं.”

प्लामेनने एकदम वर पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. तो बोलणार एवढ्यात रुम्यानाने त्याच्या पायावर पाय दिला, आणि चांगला जोर लावून दिला.

“हो,” ती म्हणाली. “एकटीनेच केलंस. गळ्याशी बटण लाव, विमानात गारवा असतो.”

नेदाने बटण लावलं. बापाच्या गळ्यात पडली, आईच्या गालाला गाल लावला आणि गेली. एकदाही मागे पाहिलं नाही, कारण हट्टी होती.

प्लामेनने गाडी शहराबाहेर काढली. मग त्याला राहवलं नाही.

“सांगायचं होतंस गं. पोरगी आयुष्यभर असं समजत राहील.”

“तिचं विमान हवेत आहे,” रुम्याना म्हणाली.

“मग उतरल्यावर सांग.”

“उतरल्यावर तिला तिथे चार वर्षं राहायचंय. परक्या लोकांत. एकटीने.”

“मग कधी सांगणार?”

बाहेर सूर्यफुलांची वाळलेली शेतं मागे पळत होती. गाडीचा एसी दोन उन्हाळ्यांपासून बंद होता, चारही काचा उघड्या होत्या आणि तरी जीव नकोसा झाला होता.

“मला तरी सांग,” प्लामेन म्हणाला.

“काचा वर कर,” ती म्हणाली.

“या उन्हात?”

“वर कर म्हणते ना.”

त्याने चारही काचा वर केल्या. रुम्यानाने वळून मागची सीट पाहिली, तिथे कुणी नव्हतं. मग ती आवाज दाबून बोलायला लागली. शिकागोच्या हॉस्पिटलात नर्सने हातात दिलं तेव्हा कशी बघत होती इथपासून. कशी चालायला लागली, काय काय बोलायची, ऑक्सिजनच्या नळीतून हसायची कशी, केस कसे होते, डोळे कसे आहेत, दुकानात येऊन म्हाताऱ्यांच्या चिठ्ठ्या कशी वाचून द्यायची, आणि असं पोर सगळ्या याम्बोलात नाही, सगळ्या देशात नाही. प्लामेन घामाने निथळत गाडी चालवत होता. प्लोव्दिव गेलं, स्तारा झागोरा गेलं, आणि ती अजून नेदाच्या आठव्या वर्षापर्यंतच पोचली होती.